जोर-बैठकांपासून खुर्चीपर्यंत

पुण्यात कोथरूड, कर्वेनगर, वारजे या भागांत मी लोकांच्या घरी जाऊन व्यायाम घेतो. सोसायटीच्या गेटवरच्या वहीत वॉचमन माझ्या नावापुढे कधी 'जिम' लिहितो, कधी 'योगा', आणि एकाने तर 'मालिश' लिहिलं होतं. तेही अगदीच खोटं नाही म्हणा, तालमीत वाढलेल्या माणसाला अंग चोळून देता येतंच. नवीन माणसाचा फोन आला की दोन प्रश्न ठरलेले असतात. तुमचं सर्टिफिकेशन कुठलं, आणि तीन महिन्यांत किती किलो उतरेल? पहिल्याचं उत्तर लांबलचक आहे. दुसऱ्याचं मी देतच नाही.

माझं गाव कागल तालुक्यातलं. घरात एक तरी पैलवान असावा ही आमच्या बाजूची जुनी हौस. जत्रेत रेवड्यांवरच्या कुस्त्यांमध्ये मी माझ्याएवढी दोन-तीन पोरं चीत केली आणि चुलत्यांनी सातवीनंतर मला कोल्हापूरच्या एका तालमीत नेऊन सोडलं. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, 1912 साली खासबागचं मैदान उभं राहिलं, आणि तेव्हापासून आमच्याकडच्या पोरांना कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरीच. प्रत्येक तालमीत मारुती असतो आणि भिंतीवर खाशाबा जाधवांचा फोटो असतो. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा माणूस 1952 साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आला, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. आम्ही रोज त्या फोटोखाली लंगोट वाळत घालायचो.

पहाटे चारला उठायचं. आधी हौद्यातली माती उकरायची. ती तांबडी माती साधी नसते, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू असं काय काय मुरवलेलं असतं. मग जोर, बैठका, सपाट्या, दोर चढणं, आणि अंग तापलं की लढती. खुराक, झोप, संध्याकाळी पुन्हा तेच. बाहेरच्या माणसाला वाटतं, तालमीत सगळ्यांना एकाच मापाने राबवतात. आमच्या तालमीत तसं अजिबात नव्हतं. वस्ताद कट्ट्यावर बसून नुसते बघत असत. कोणाला ताप येऊन गेलाय, कोण रात्री जागलाय, कोणाच्या घरून वाईट निरोप आलाय, कोणाची काल मैदानात पाठ लागलीय म्हणजे कोण हरलाय, सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. एखाद्याला हजार बैठका आणि त्याच्या शेजारच्याला दोनशेच, यात त्यांना काही वावगं वाटत नसे. मला सगळ्यात राग यायचा तो या गोष्टीचा, की अजून पाच-पन्नास जोर सहज निघतील असं वाटत असतानाच ते हाक मारायचे, "बास कर रं. उद्या यायचं हाय."

तेविसाव्या वर्षी एका गावच्या मैदानात एकेरी पट काढताना, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून त्याला पाडताना, माझा पाय मातीत रुतला आणि वरचं अंग फिरलं. गुडघ्यातून आवाज आला तो मला ऐकू आला. एसीएल, म्हणजे गुडघा जागेवर धरून ठेवणारा आतला एक बंध, तुटला होता. ऑपरेशन झालं, आणि नंतर फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला पहिला व्यायाम दिला तो असा: पाय सरळ ठेवून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि ती खाली दाबायची. मोजून दहा वेळा. हजार बैठका मारणारा मी, आणि त्या दहात मांडी थरथरत होती. बाई प्रत्येक वेळी वहीत लिहायच्या: आज गुडघा किती वाकला, किती सरळ झाला, सूज आहे की उतरली. सूज असली की व्यायाम कमी. नसली की थोडा जास्त. वस्ताद जे डोक्यात ठेवत ते ही बाई कागदावर ठेवते, एवढंच मला तेव्हा कळलं. माझी नोकरी, माझा धंदा, जे काही म्हणाल ते तिथून सुरू झालं.

कुस्ती सुटली. माझ्या बरोबरीचे काही पोलिसात लागले, काही कारखान्यावर, काही शेतीवर गेले. पैलवानकी सुटल्यावर एक गोष्ट बहुतेकांच्या बाबतीत होते: मेहनत थांबते आणि खुराक चालू राहतो. दूध, तूप, मटण यांची ताटातली मापं तशीच राहतात. चाळिशीत येईपर्यंत गळ्याखाली मांस लोंबायला लागतं आणि शुगरच्या गोळ्या सुरू होतात. कुस्तीचं कौतुक करणारे याबद्दल फारसं बोलत नाहीत. मी त्या वाटेला गेलो नाही याचं श्रेय मला नको, पुण्यात आल्यावर खुराकाला पैसेच नव्हते.

पुण्यात मी एका मोठ्या जिमच्या साखळीत फ्लोअर ट्रेनर म्हणून लागलो. डंबेल जागेवर ठेवणं, मशीन पुसणं आणि आलेल्या माणसाच्या हातात छापील चार्ट देणं. चार्ट सगळ्यांना सारखाच, कॉलेजच्या पोरालाही आणि हृदयाची अँजिओप्लास्टी झालेल्या काकांनाही. पहिल्याच दिवशी पायांचा पूर्ण व्यायाम. पाय भरून येणं चोवीस तासांनी सुरू होतं आणि तिसऱ्या दिवसापर्यंत टिकतं, म्हणजे माणूस सोमवारी आला तर बुधवारी त्याला कमोडवर बसता येत नाही. तो परत कशाला येईल? पण वर्षाची फी त्याने आधीच भरलेली असते, त्यामुळे तो न आलेलाच जिमला परवडतो. महिन्याला प्रोटीन पावडरचे किती डबे खपवायचे याचंही आम्हाला टार्गेट असायचं. मी तिथे तीनेक वर्षं काढली, कारण त्या नोकरीत शेकडो शरीरं बघायला मिळाली. तालमीत सगळी तरणी पोरं. इथे पहिल्यांदा मला वाकलेले खांदे, बाळंतपणानंतरची पोटं, सपाट तळवे, गोठलेले खांदे असं सगळं दिसलं.

आपल्याकडे स्वतःला ट्रेनर म्हणवून घ्यायला कुठलाही परवाना लागत नाही. टी-शर्ट घट्ट असला की पुरतं. म्हणूनच मी हट्टाने परीक्षा दिली, अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइजची. तीन तास, दीडशे प्रश्न, सगळं इंग्रजीत, आणि त्याआधी सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून त्याला वाचवणं, शिकल्याचं प्रमाणपत्र. माझं शिक्षण मराठी माध्यमात. स्नायूंची लॅटिन नावं मी तालमीतल्या डावांना चिकटवून पाठ केली. ढाक मारताना कुठला स्नायू ताणला जातो, घिस्सा मारताना कुठला आवळतो, असं. पास झालो. त्या अभ्यासाने मला मुख्य म्हणजे भीती शिकवली. तालमीत आम्हाला बीपीची गोळी घेणारा माणूस कधी भेटलाच नव्हता.

आता मी नवीन माणसाकडे जातो तेव्हा पहिल्या भेटीत व्यायाम जवळपास नसतोच. चहा होतो आणि प्रश्न होतात. छातीत कधी दुखलंय का, चक्कर येते का, हाडाचं किंवा सांध्याचं काही, कुठल्या गोळ्या चालू आहेत. गोळ्यांचं पाकीट मी स्वतः बघतो, कारण लोक "बीपीची एक छोटी गोळी" म्हणतात आणि तेवढ्याने काही कळत नाही. ती बीटा ब्लॉकर असेल तर मेहनत कितीही वाढली तरी नाडी फारशी वाढत नाही, मग मनगटावरच्या घड्याळातले आकडे आणि जास्तीत जास्त नाडीचं '220 वजा वय' हे गणित त्या माणसाला निरुपयोगी. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर व्यायामात साखर 70 च्या खाली घसरू शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. अशा घरी ग्लुकोजची पुडी समोर टेबलावर असल्याशिवाय मी सुरुवात करत नाही. हृदयाचं काही असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी आधी, मी नंतर.

मग मी सांगतो, जमिनीवर बसा. आणि उठा. बस, एवढंच. मराठी घरात पन्नाशीपर्यंत माणूस पाटावर, सतरंजीवर, देवापुढे बसत असतो, मग हळूहळू डायनिंग टेबल येतं, पूजाही उभ्याने व्हायला लागते, आणि एक दिवस लक्षात येतं की खाली बसून वर्ष झालं. उठताना हात कुठे टेकतो, कोणता पाय आधी जातो, श्वास रोखतो का, 'आई गं' कुठल्या टप्प्यावर येतं, हे बघितलं की निम्मं कळतं. दारातल्या चपलांचे तळवे उलटे करून बघतो, झीज कुठल्या बाजूला आहे ते. नंतर टेप. कंबर पुरुषाची 90 सेंटीमीटर आणि बाईची 80 च्या वर असेल तर मी लिहून ठेवतो. वजनकाटा शेवटी, आणि तोही त्यांना हवा असेल तर.

टेपवरून आठवलं. हिंजवडीला नोकरी करणारा एक मुलगा माझ्याकडे आला तो "सर, मी जाडा नाहीच, मला फक्त फिट व्हायचंय" असं म्हणत. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, बावीसच्या आसपास. हातपाय काड्या आणि शर्टाखाली गोल पोट. त्याला मी आपल्या पुण्यातलीच गोष्ट सांगितली. केईएम हॉस्पिटलचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉक्टर युडकिन, दोघांचाही बीएमआय 22.3. चरबी मोजली तर युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. दोघांचा शेजारी-शेजारी फोटो 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. बारीक दिसणारा भारतीय आतून बारीक असेलच असं नाही, हे सांगायला त्या डॉक्टरांनी स्वतःचं पोट पुढे केलं, मला हा मोठेपणा वाटतो. मुलाने फोटो मोबाईलवर शोधला आणि बराच वेळ बघत बसला. त्याला धावायचं होतं, मी आधी त्याच्या हातात वजन दिलं. साखर साठवायला स्नायूसारखी दुसरी कोठी शरीरात नाही, आणि त्याच्याकडे ती कोठीच छोटी होती.

पण माझी पद्धत खरी कशी चालते ते सांगायचं तर काकूंचंच सांगायला हवं. त्यांना चालेल, मी विचारलंय.

काकू बासष्टच्या. कर्वेनगरात तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. हाडांच्या तपासणीत ऑस्टिओपेनिया, म्हणजे हाडं विरळ व्हायला लागलेली, पण अजून ठिसूळ म्हणण्याइतकी नाहीत. बीपीची गोळी, बीटा ब्लॉकरच. दोन्ही गुडघे दुखणारे. मुलीने मला फोन केला होता तो "आईचं वजन जरा कमी करा" म्हणून. काकूंना मी एकटं गाठून विचारलं, तुम्हाला काय हवंय? त्या म्हणाल्या, "एकदा माउलींबरोबर सासवडपर्यंत चालायचंय. हे गेल्यापासून मनात आहे. पण मुलीला सांगू नकोस हं, ओरडेल."

असं काही मिळालं की माझं काम सोपं होतं. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून निघते, पुण्यात दोन मुक्काम करते आणि मग हडपसरवरून दिवे घाट चढून सासवडला जाते. सगळ्या वारीतला हा थकवणारा टप्पा. पुण्यातून धरलं तर तीसेक किलोमीटर. संक्रांत नुकतीच झाली होती, म्हणजे जूनपर्यंत वेळ होता.

तीस सेकंदांत खुर्चीवरून हात न टेकता किती वेळा उठता येतं, अशी एक सोपी चाचणी आहे. साठ ते चौसष्टच्या बाईला बारापेक्षा कमी जमलं तर पायांची ताकद सरासरीच्या खाली समजतात. काकूंना नऊ जमलं, आणि नववं अर्धंमुर्धं. मी खुर्चीवर एक उशी ठेवली, म्हणजे बसायची उंची वाढली, आणि पाच-पाचचे दोन सेट दिले. त्या म्हणाल्या, "एवढंच? यासाठी तू पैसे घेणार?" मी म्हटलं हो. दुसऱ्या दिवशी मुद्दाम फोन केला, पाय दुखतायत का. "छे! काही नाही." मला हेच उत्तर हवं होतं.

पहिला महिना मी माणसाला कंटाळा येईल इतकं कमी देतो. ताकद सुरुवातीला वाढते ती स्नायू फुगून नाही, मेंदू आणि स्नायूंची ओळख होते म्हणून, आणि त्या ओळखीला घाम गाळायची गरज नसते. वेळेवर, नीट, पुन्हा पुन्हा करायची गरज असते. नियम एकच: प्रत्येक सेट संपताना आणखी दोन निघाले असते असं वाटलं पाहिजे. काकूंना हा नियम पटायला वेळ लागला. आयुष्यभर सासरी शिल्लक न ठेवता राबलेल्या बाईला शिल्लक ठेवायला शिकवणं अवघड असतं.

उशी गेली. मग खुर्चीतच हातात तांदळाची दोन किलोची पिशवी छातीशी धरून. वाकायचं कसं हे शिकवायला मी झाडूची काठी पाठीवर धरायला लावतो. डोकं, पाठ आणि माकडहाड तिन्ही काठीला टेकलेले राहिले पाहिजेत आणि वाकायचं ते कमरेतून नाही, खुब्यातून. आधी भिंतीवर आणि नंतर स्वयंपाकघराच्या ओट्यावर हात टेकून जोर. दाराच्या कडीला रबरी बँड बांधून ओढणं. पायऱ्यांवर उभं राहून टाचा वर. आठवड्यातून दोन दिवस हे, बाकीचे दिवस चालणं.

ओढण्यावर मी जोर देतो त्याला कारण आहे. काकूंच्या घरी रथसप्तमीला 108 सूर्यनमस्कारांची परंपरा, आणि औंध संस्थानच्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी, सूर्यनमस्कारासाठी केवढं केलं हे त्यांचे वडील सांगायचे. सूर्यनमस्काराला मी हात जोडतो. पण त्यात ढकलणं आहे, वाकणं आहे, ओढणं मात्र नाही. तालमीत दोर असायचा आणि समोरचा पैलवान असायचा ओढायला. घरात काहीच नसतं, आणि पोळ्या लाटून, मोबाईल बघून पुढे आलेले खांदे मागे घ्यायला काही तरी ओढावंच लागतं. मनगटं दुखत असतील तर 108 चा आकडा बाजूला ठेवून बारा करा, असं मी सांगितल्यावर काकू आठवडाभर माझ्याशी तुटक बोलत होत्या.

चालण्याचा वेग मी घड्याळावर ठेवलाच नाही, ठेवून उपयोगही नव्हता. अभंग नुसता म्हणता येतोय पण चालीत गाता येत नाही, एवढा दम लागला पाहिजे. बोलणंच तुटायला लागलं तर वेग कमी करायचा. दर आठवड्याला एकच दिवस लांब चालायचं आणि ते अंतर थोडं थोडं वाढवायचं, तीन आठवडे वाढवून चौथ्याला मुद्दाम कमी. मार्चमध्ये व्हायरलने त्या आठ-दहा दिवस झोपून होत्या. बऱ्या झाल्यावर त्यांना राहिलेलं सगळं एकदम भरून काढायचं होतं. मी त्यांना पुन्हा उशीवर बसवलं. रडकुंडीला आल्या, चिडल्या, मुलीला फोन करून माझी तक्रारही केली. पंधरवड्यात त्या आधीच्या जागी होत्या. गेलेली ताकद नव्याने कमावण्यापेक्षा परत मिळवणं फार लवकर होतं.

एप्रिलपासून पर्वती. पुण्यात पहाटे पर्वतीच्या 103 पायऱ्या चढणाऱ्यांची जत्रा असते, आणि त्यांतले निम्मे उतरताना धाडधाड उड्या मारत उतरतात. गुडघे दुखतात ते चढण्याने, असा समज आहे. खरा भार उतरताना येतो; मांडीचा स्नायू लांब होत असतानाच वजन झेलत असतो. म्हणून आम्ही चढलो आपल्या चालीने, आणि उतरलो कठड्याला हात लावून, एक पायरी म्हणजे एक पूर्ण श्वास. दिवे घाटात चढच आहे, उतरायचं नाही, पण तिसऱ्या मजल्याचा जिना रोज उतरायचाच होता.

खाण्याचं मी डाएट चार्ट देऊन करत नाही. तीन दिवस जे खाल ते लिहा, एवढंच सांगतो. काकूंची वही: सकाळी चहा-बिस्कीट, नंतर पोहे, दुपारी दोन पोळ्या, भाजी, पातळ वरण, संध्याकाळी पुन्हा चहा, रात्री खिचडी. साठ किलोच्या माणसाला आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या हिशोबाने रोज पन्नासेक ग्रॅम प्रथिनं लागतात, आणि ताकदीचा व्यायाम करणाऱ्या वयस्कर माणसाला त्याहून थोडी जास्तच बरी. पातळ वरणाच्या वाटीत पाच-सहा ग्रॅम येतात. पोह्यांत जवळपास नाहीतच म्हणा. अंडं घरात येत नाही. मग वरण घट्ट झालं, न्याहारीला मुगाचं धिरडं आलं, दुपारी दह्याची वाटी आली, आणि आठवड्यातून दोनदा सोयाच्या वड्या, ज्यांच्या वाळल्या वजनात निम्मी प्रथिनं असतात. पावडरचा डबा मी त्या घरात नेला नाही.

आणि एकादशी. पालखी सासवडला जाते तो दिवस बहुधा एकादशीचाच असतो. म्हणजे एवढं चालणं उपासावर! उपास मोडा असं मी म्हणालो असतो तर आमचं नातं तिथेच संपलं असतं. साबुदाण्यात नुसता स्टार्च, पण शेंगदाणे उपासाला चालतात, दही चालतं, राजगिरा चालतो, केळं, खजूर चालतं. दोन महिने प्रत्येक एकादशीला आम्ही लांबचं चालणं ठेवलं आणि काय खाल्ल्यावर पोट जड होत नाही ते शोधून काढलं. साबुदाण्याची खिचडी बाद झाली. राजगिऱ्याचे लाडू, केळी आणि लिंबू-मीठ-साखरेचं पाणी ठरलं. बूट तेच, दोन महिने वापरलेले. मोज्यांचे दोन जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत, पावसाने पाय भिजले की फोड येतात म्हणून.

पुण्यातून निघायचं नाही, हे मी सुरुवातीलाच सांगितलं होतं. गर्दीत दोन-तीन तास उभं राहून पाय आधीच दुखवून घेण्यात अर्थ नव्हता. काकू हडपसरहून निघाल्या. तिथून वीस-बावीस किलोमीटर. मुलगी बरोबर होती, तिला तोपर्यंत सगळं सांगून झालं होतं आणि ओरडूनही झालं होतं. घाटात मुलगी दोनदा बसली, काकू एकदा. संध्याकाळी सासवडहून त्यांचा फोन आला तेव्हा मागे टाळ वाजत होते, त्यामुळे मला निम्मं ऐकू आलं नाही. वजन? दीड किलो उतरलं होतं. तीस सेकंदांत खुर्चीवरून पंधरा वेळा उठत होत्या.

सगळ्यांची गोष्ट अशी होत नाही. ढोल पथकातला एक मुलगा गणपतीच्या दोन महिने आधी येतो, पट्ट्याने कमरेला बांधलेल्या ढोलाने पाठ धरते म्हणून. मी त्याला एका हातात वजन घेऊन ताठ चालायला लावतो, प्लँक, म्हणजे कोपरांवर आणि पायांच्या बोटांवर अंग सरळ तोलून धरणं, करून घेतो, आणि विसर्जन झालं की तो पुढच्या वर्षीपर्यंत गायब. काहीजण दुसऱ्या आठवड्यातच "सर, घाम येत नाहीये" म्हणून सोडतात आणि घाम काढणाऱ्याकडे जातात. त्यांना थांबवायला मी जात नाही. घाम काढणं जगातलं सोपं काम आहे, मे महिन्यात तर पुण्याचं ऊनही ते फुकट करतं.

टिकतात त्यांच्याकडे मी वर्षभराने आठवड्यातून दोनदाऐवजी एकदा जातो, मग महिन्यातून एकदा. वही त्यांच्याच घरी ठेवतो आणि कधी वाढवायचं, कधी कमी करायचं हे त्यांनाच लिहायला लावतो. बायको म्हणते, असा धंदा करणारा मी एकटाच असेन, गिऱ्हाईक तयार झालं की घालवून देणारा. तिचं बरोबर आहे. पण वेटिंगमध्ये नेहमी दोन-चार नावं असतात आणि सायकलवर आणखी लांब जायची माझी इच्छा नाही.

सध्या मला खरं जड जातंय ते दुसरंच काम. गावाकडचे जुने दोन जोडीदार, माझ्याच तालमीतले, फोनवरून मागे लागलेत. एकाची उपाशीपोटीची साखर दोनशेच्या वर, दुसऱ्याचा गुडघा माझ्याहून वाईट. व्हिडिओ कॉलवर घेतो त्यांना. पहिल्याला सांगितलं, डॉक्टरांच्या गोळ्या चालू ठेव, ताटातलं तूप निम्मं कर आणि दोन्ही जेवणांनंतर पंधरा मिनिटं चाल. तो खासबागेत लढलेला माणूस. म्हणाला, "चालू? मी काय म्हातारा झालो व्हय? बैठका सांग की, किती मारू?" मी म्हटलं, खुर्ची आण. घरात बराच वेळ शोधाशोध झाली, शेवटी पोराची अभ्यासाची प्लॅस्टिकची खुर्ची आली. ती त्याच्या वजनाला टिकेना म्हणून आता आम्ही बाजेवर बसून उठायचं ठरवलंय. पाच-पाचचे दोन सेट. रोज रात्री तो मला मेसेज करतो, 'दहा सेट मारले', आणि मी उलट लिहितो, 'दोनच मार.'